आठवण आणि साठवण : अमेरिकी दूरचित्रवाणीच्या अभ्यासात शिरताना

१९ जानेवारी १९५३, सोमवार, रात्रीचे नऊ. अमेरिकेत टीव्ही असलेल्या दर दहा घरांपैकी सात घरांत त्या वेळी एकच बिऱ्हाड दिसत होते. न्यूयॉर्कमधल्या त्या बिऱ्हाडात लुसी रिकार्डोचे दिवस भरले आहेत. नवरा रिकी आणि शेजारचे फ्रेड व एथेल यांनी दवाखान्यात निघण्याची तालीम करून ठेवली आहे : फोन कोणी लावायचा, बॅग कोणी उचलायची, लुसीला कोणी सांभाळायचे. तालीम अगदी नेटकी होते. थोड्या वेळाने लुसी येऊन, वेळ झाली, एवढेच म्हणते आणि तालमीतले काहीही कोणाला आठवत नाही. तिघांची अशी तारांबळ उडते की ती पाहताना आजही पोट धरून हसू येते. 'आय लव्ह लुसी' या मालिकेचा हा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी झाला. तो टीव्हीवर पाहणारे होते २ कोटी ९० लाखांच्या आसपास.

या अभ्यासाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाला मी आधी याच रात्रीपाशी नेते. आकड्यांचे नवल ओसरले की त्या अर्ध्या तासात किती गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत ते दिसू लागते. लुसीचे काम करणारी लुसिल बॉल खरोखरच गरोदर होती आणि त्याच दिवशी तिने मुलाला जन्म दिला. पडद्यावरचा नवरा डेसी अर्नाझ हाच तिचा खरा नवरा. भागाचे चित्रीकरण दोन महिने आधीच उरकले होते आणि लुसीला मुलगाच होणार हेही संहितेत आधीच ठरले होते. दवाखान्यातली शस्त्रक्रिया ठरवून केलेली, त्यामुळे तारीख जुळली. गरोदर या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द मात्र मालिकेत एकदाही उच्चारला गेला नाही. सीबीएस या नेटवर्कला तो चालणार नव्हता. संहिता आधी एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी यांच्या नजरेखालून जात. ज्या गोष्टीचे नाव घ्यायची चोरी होती तीच गोष्ट सबंध देश एकत्र बसून, हसत, डोळे पुसत पाहत होता.

अशा क्षणांचा अभ्यास म्हणजे गोड आठवणींची उजळणी, असा समज पुष्कळांचा असतो. मला हा अभ्यास वेगळ्या कारणाने जिव्हाळ्याचा वाटतो. मराठीत आठवण आणि साठवण हे दोन शब्द शेजारी ठेवले की यमक जुळते. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात या दोन गोष्टींचे नाते यमकापेक्षा पुष्कळ खोल आहे. आपण ज्यांना अविस्मरणीय क्षण म्हणतो ते कोणीतरी, कुठल्यातरी फडताळात, बहुतेक वेळा भलत्याच कारणाने जपून ठेवलेले क्षण आहेत. ज्यांना फडताळ मिळाले नाही ते पाहणाऱ्यांबरोबर गेले. आठवणीचा इतिहास लिहायचा तर साठवणीचा इतिहास आधी वाचावा लागतो.

तेव्हा थोडे यंत्रांकडे वळू. टीव्हीच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेक कार्यक्रम जिवंत प्रक्षेपित होत, म्हणजे नट समोर बोलत असतानाच घरोघरी दिसत. ते प्रामुख्याने न्यूयॉर्कमधून होत. कॅलिफोर्नियातल्या प्रेक्षकांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्र उतरवून घेत आणि ती फिल्म तिकडे पाठवत. या तंत्राला किनेस्कोप म्हणत. चित्र अंधुक, कडा विरघळलेल्या, राखाडी रंगाचे. बॉल आणि अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचे नव्हते. तिकडून जिवंत प्रक्षेपण केले असते तर दाट वस्तीच्या पूर्वेकडे हे अंधुक चित्र गेले असते, आणि ते मालिकेच्या प्रायोजकाला, एका सिगारेट कंपनीला, मान्य नव्हते. तोडगा असा निघाला की मालिका सिनेमासारखी ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवायची, पण प्रेक्षक समोर बसवून, तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी. प्रकाशयोजनेला माणूस मिळाला तो कार्ल फ्रॉइंड. फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'चे छायाचित्रण करणारा हा कलावंत. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा सपाट, सावली न पाडणारा प्रकाश त्याने बसवला. विनोदी मालिकांच्या चित्रीकरणाची रीत त्यातून पडली आणि ती पुढे कित्येक दशके टिकली.

फिल्म महाग. जादा खर्चापोटी नवरा-बायकोने आपले मानधन कमी करून घेतले आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. नेटवर्कने ती देऊन टाकली, कारण एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाचे मोल काय असणार, अशीच तेव्हाची समजूत होती. १९५७ साली याच फिल्म परत विकत घ्यायला सीबीएसला काही दशलक्ष डॉलर मोजावे लागले. जुना भाग पुन्हा दाखवला तर लोक तो पुन्हा आवडीने पाहतात, ही गोष्ट या मालिकेने सिद्ध केली. चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे आवरता आवरता तोंडात आणि टोपीत कोंबणाऱ्या लुसी आणि एथेल आज जगभर ओळखीच्या आहेत. तो भाग सप्टेंबर १९५२ मधला. त्या दोघींचा अभिनय अजोड आहेच. पण तेवढीच अजोड नटी दुसऱ्या एखाद्या नेटवर्कवर तेच करत असती, तर आज आपल्याला तिचे नावसुद्धा सांगता आले नसते.

हे मी उगाच म्हणत नाही. ड्यूमाँट नावाचे चौथे नेटवर्क १९५६ साली बंद पडले. १९५० च्या उन्हाळ्यात त्याच नेटवर्कवर हेझल स्कॉट या कृष्णवर्णीय पियानोवादक स्त्रीचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. नेटवर्कवर असा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयितांच्या एका यादीत तिचे नाव छापून आले, ती स्वतः होऊन संसदीय समितीपुढे गेली, आरोप नाकारले, आणि थोड्याच दिवसांत कार्यक्रम बंद झाला. त्या कार्यक्रमाचा एकही भाग आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, ॲना मे वाँग ही चिनी वंशाची अभिनेत्री त्याच नेटवर्कवरच्या एका मालिकेची नायिका होती. तीही नष्ट. १९९६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने टीव्हीच्या जतनाबाबत सुनावणी घेतली, तेव्हा ईडी ॲडम्स या अभिनेत्रीने साक्ष दिली की ड्यूमाँटच्या फिल्म सांभाळायचा खर्च कोणी करायचा हा वाद सत्तरच्या दशकात निघाला आणि त्या ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या उपसागरात लोटण्यात आल्या. अभिजात अमेरिकी टीव्हीवर गोऱ्या, मध्यमवर्गीय कुटुंबांचेच राज्य होते असे आपण सहज म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण हे वाक्य लिहिताना हेझल स्कॉटची बोटे डोळ्यांसमोर आणावीत. आपल्यापुढे आलेले चित्र हे तेव्हाचे चित्र आणि नंतरची निवड या दोहोंचे मिश्रण आहे.

१९५६ मध्ये व्हिडिओटेप आली आणि परिस्थिती सुधारण्याऐवजी एका अर्थाने बिघडली. टेप महाग होती, आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. हिशेबनीस माणसाला तिच्यात कार्यक्रम दिसत नसे, कोरी करता येण्याजोगी टेप दिसे. जॉनी कार्सनने १९६२ मध्ये हाती घेतलेल्या 'द टुनाइट शो'ची पहिली दहा वर्षे अशीच बहुतांशी पुसली गेली. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचेही असेच झाले. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावरून येणारे चित्र सेकंदाला फक्त दहा चौकटींचे होते. ते घरच्या टीव्हीवर दिसावे म्हणून जमिनीवरच्या केंद्रांत एका विशेष पडद्यावर आणून त्याच्यापुढे साधा टीव्ही कॅमेरा लावला गेला. किनेस्कोपचीच ती धाकटी बहीण. कोट्यवधी लोकांनी पाहिले ते हे दुय्यम, धूसर रूप. मूळ, अधिक स्पष्ट चित्र वेगळ्या टेपांवर नोंदले गेले होते. त्या टेपा नंतर टंचाईच्या काळात पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाला २००९ साली जाहीर करावा लागला. मानवजातीने एकत्र पाहिलेला बहुधा सर्वांत मोठा क्षण, आणि त्याची चांगली प्रत आपल्याकडे नाही. मुंबईत तर तेव्हा टीव्हीच नव्हता. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्याकडच्या त्या पिढीची चांद्रविजयाची आठवण रेडिओची आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची आहे.

यंत्रांइतकेच महत्त्व घराला. १९५० साली अमेरिकेत दर शंभर घरांमागे जेमतेम नऊ घरांत टीव्ही होता. १९६० साली जवळजवळ नव्वद घरांत. दहा वर्षांत एवढ्या झपाट्याने घरात शिरलेली दुसरी वस्तू क्वचितच सापडेल. लिन स्पिगेल यांनी १९९२ सालच्या 'मेक रूम फॉर टीव्ही' या पुस्तकात स्त्रियांची मासिके, जाहिराती, घराचे नकाशे यांवरून हा गृहप्रवेश उलगडून दाखवला : संच कुठे मांडायचा, स्वयंपाकघरातून तो दिसावा का, नवऱ्याचे लक्ष कोणाकडे. टीव्हीचा इतिहास कार्यक्रमांच्या यादीत शोधणाऱ्यांना या पुस्तकाने दिवाणखान्यात आणून बसवले. त्याआधी १९५६ मध्येच डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी एका मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात असे मांडले होते की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे पाहून रोज बोलू लागला की प्रेक्षकाच्या मनात एकतर्फी पण खरीखुरी जवळीक तयार होते. आणि १९७४ साली रेमंड विल्यम्स यांनी 'प्रवाह' ही कल्पना दिली. अटलांटिक ओलांडून मायामीला पोचलेल्या या वेल्श अभ्यासकाने रात्री टीव्ही लावला, तेव्हा चित्रपट, जाहिराती आणि पुढच्या चित्रपटांची झलक एकमेकांत अशी मिसळत गेली की कुठले दृश्य कशातले हेच त्याला उमगेना. टीव्हीचा घटक कार्यक्रम नसून हा अखंड ओघ आहे, असे त्याचे म्हणणे. मला हे म्हणणे फार मोलाचे वाटते. पण मग त्या ओघातून एखादा क्षण वर कसा येतो आणि तीस-चाळीस वर्षे वरच कसा राहतो, हा प्रश्न उरतो. या अभ्यासक्षेत्रातले पुष्कळसे चांगले काम त्या प्रश्नाभोवती फिरते.

बातम्यांकडे पाहू. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी पत्रकार एडवर्ड मरो यांनी 'सी इट नाऊ' या कार्यक्रमाच्या पहिल्या भागात दोन पडदे शेजारी ठेवले : एकावर न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल, दुसऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट. दोन्ही जिवंत. दोन महासागरांचे किनारे एकाच वेळी पाहणारी ती पहिलीच माणसे. देशाच्या दोन टोकांना जोडणारी सूक्ष्मलहरी मनोऱ्यांची साखळी त्याच वर्षी पूर्ण झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साध्या दृश्याचे अप्रूप कळते.

याच कार्यक्रमाने ९ मार्च १९५४ रोजी सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांना हात घातला. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांच्या नोकऱ्या आणि अब्रू घेणारे हे सेनेटर. त्यांच्याविषयी उघड बोलायला भलेभले कचरत. मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी मॅकार्थींवर भाष्य फार थोडे केले. मॅकार्थींच्या भाषणांच्या आणि चौकशांच्या फिल्म महिनोन्महिने जमवल्या आणि त्यांतून सेनेटरांनाच बोलू दिले. मग एकेका विधानापुढे वस्तुस्थिती ठेवली. म्हणजे साठवण हेच इथे शस्त्र झाले. माणूस बोलून गेला, लोक विसरले, असे आता होणार नव्हते. वर्तमानपत्रातली जाहिरात मरो आणि फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून दिली, कारण नेटवर्क ती द्यायला तयार नव्हते. पुढे त्याच वसंतात मॅकार्थी आणि सैन्यदल यांच्यातल्या प्रकरणाची सुनावणी आठवडेच्या आठवडे टीव्हीवर दिसली, आणि ९ जून रोजी सैन्याचे वकील जोसेफ वेल्च यांनी आपल्या एका तरुण सहकाऱ्यावर शिंतोडे उडवणाऱ्या मॅकार्थींना, तुमच्यात थोडीतरी सभ्यता शिल्लक आहे की नाही, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. सभागृहात टाळ्या पडल्या.

इथे नव्या अभ्यासकाला सावध करायला हवे. एका कार्यक्रमाने मॅकार्थींना संपवले, ही कथा सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे. पण मरोंच्या आधी काही वर्तमानपत्री लेखकांनी, व्यंगचित्रकारांनी आणि मोजक्या सेनेटरांनी ही लढाई अंगावर घेतली होती, आणि मॅकार्थी स्वतःच्याच पक्षाला जड होऊ लागले होते. मरोंचे धैर्य खरे, क्षणही खरा; कार्यकारणभाव मात्र तपासून घ्यावा. १९६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या केनेडी आणि निक्सन यांच्या वादसभेचेही तसेच. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी, हे वाक्य शेकडो पुस्तकांत आहे. त्याच्या मुळाशी असलेली पाहणी अगदी थोड्या श्रोत्यांची होती आणि ते श्रोते मुळात कोणत्या पक्षाकडे झुकलेले होते हे त्यात नीट पाहिले गेले नव्हते. २६ सप्टेंबरच्या त्या रात्री निक्सन आजारातून उठलेले, फिकट आणि घामेजलेले दिसत होते हे पडद्यावर कोणीही पाहू शकतो. त्यापुढचे अनुमान करताना हात आखडता घ्यावा.

तीन वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी, सीबीएसवर एक रोजची कौटुंबिक मालिका चालू असताना चित्र तुटले आणि नुसती पाटी दिसू लागली. वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज येत होता, चेहरा नव्हता. कारण साधे होते : त्या काळचे कॅमेरे तापून चित्र देण्याजोगे व्हायला बराच वेळ लागे, आणि बातमी वाट पाहणारी नव्हती. केनेडींवर गोळ्या झाडल्याचे देशाने आधी रेडिओसारखे ऐकले आणि मग पाहिले. कॅमेरा तापल्यावर क्रॉन्काइट दिसले ते कोट न घालता, सदऱ्यावर. मृत्यूची निश्चित बातमी वाचून त्यांनी चष्मा काढला, घड्याळाकडे पाहिले, चष्मा पुन्हा लावला, आणि एक आवंढा गिळला. एवढेच. पण रोज संध्याकाळी घरात येणाऱ्या माणसाचा गळा दाटला होता, आणि हॉर्टन व वोल यांनी सात वर्षांपूर्वी जे लिहिले होते ते त्या आवंढ्यात आहे. पुढचे चार दिवस नेटवर्कांनी जाहिराती आणि मनोरंजन बंद ठेवले. दोन दिवसांनी डॅलसच्या पोलीस ठाण्यातून संशयित ऑस्वाल्डला हलवताना एनबीसीच्या जिवंत प्रक्षेपणात त्याच्यावर गोळी झाडली गेली. डॅनिएल डायन आणि एलिहू कात्झ यांनी पुढे १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या सोहळ्यांचा सिद्धान्त मांडला, राज्याभिषेक, विजय आणि स्पर्धा अशी त्यांची वर्गवारी केली. केनेडींची अंत्ययात्रा त्यात चपखल बसते. ऑस्वाल्डवरची गोळी बसत नाही, आणि म्हणूनच ती मला अधिक विचार करायला लावते.

आता कथात्म मालिका. इथे दोन उदाहरणांपाशी थोडे रेंगाळते.

'मॅश' ही कोरियातल्या युद्धावर बेतलेली विनोदी मालिका. युद्ध चालले तीन वर्षे, मालिका अकरा. नेटवर्कला प्रत्येक विनोदापाठी ध्वनिमुद्रित हशा हवा असे. निर्मात्यांनी भांडून एवढी सवलत मिळवली की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा नसेल. प्रेक्षकाला कोणी सांगितले नसले तरी त्याचा कान हे शिकला : त्या तंबूत शिरलो की हशा थांबतो. १८ मार्च १९७५ च्या भागात छावणीचा लाडका प्रमुख हेन्री ब्लेक घरी जायला निघतो. निरोप होतो, थट्टा होते, विमान जाते. शेवटी शस्त्रक्रिया चालू असताना पोरगेला कारकून रडार तोंडाला मास्क न लावता आत येतो आणि ब्लेकचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणी वाचले नाही, एवढे वाचून दाखवतो. बहुतेक नटांना हे पान अगदी शेवटी देण्यात आले होते. चित्रीकरणात कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडले. तो आवाज तसाच ठेवला आहे. बाकी शांतता. प्रेक्षकांची संतप्त पत्रे आली : विनोदी मालिकेत असे का? सहा आठवड्यांनी सायगाव पडले. ज्या घरांत हा भाग पाहिला गेला त्यांतल्या कित्येक घरांत व्हिएतनाममधून असेच एखादे वाचून दाखवलेले वाक्य येऊन गेले होते, आणि त्याच्यापाठीही हशा नव्हता. १९८३ मध्ये या मालिकेचा शेवटचा भाग १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. तो विक्रम सगळे सांगतात. माझ्या दृष्टीने मालिकेचे मर्म त्या पडलेल्या उपकरणाच्या आवाजात आहे.

दुसरे 'रूट्स'. १९७७ च्या जानेवारीत, २३ ते ३० तारखेपर्यंत, सलग आठ रात्री. ॲलेक्स हेली यांच्या पुस्तकावरून केलेली ही गुलामगिरीची कथा. दुसऱ्या रात्री कुंटा किंटे या तरुणाला बांधून चाबकाने फोडतात, मालकाने दिलेले टोबी हे नाव त्याच्या तोंडून निघेपर्यंत. हे काम लेव्हार बर्टन या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केले. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याहून कमी बोलले जाते ते पात्रनिवडीबद्दल. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला एड ॲस्नर, ज्याला लोक 'द मेरी टायलर मूर शो'मधला खडूस पण मायाळू वृत्तनिर्माता म्हणून ओळखत. त्याच जहाजावरचा निर्दय अधिकारी झाला राल्फ वेट, म्हणजे 'द वॉल्टन्स'मधला आदर्श बाप. मळ्याचा मालक झाला लॉर्न ग्रीन, 'बोनान्झा'मधला न्यायी, धीरोदात्त पिता. गोऱ्या प्रेक्षकाने वर्षानुवर्षे ज्यांना आपल्या घरात वडीलधारे म्हणून बसवले होते, तेच चेहरे आता साखळ्यांच्या दुसऱ्या टोकाला होते. परक्या खलनायकाकडे बोट दाखवून सुटण्याची सोय राहिली नाही. इथे आठवण ही कलाकृतीची सामग्रीच झाली आहे, रंगासारखी किंवा प्रकाशासारखी. हेलींच्या वंशावळीवर पुढे अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले, दुसऱ्या लेखकाच्या कादंबरीतले उतारे उचलल्याचा दावाही त्यांना तडजोडीने मिटवावा लागला. ते सगळे वाचावे. पण त्या आठ रात्रींचे काम पुस्तकाच्या खरेखोटेपणाने संपत नाही.

टीव्हीलेखक रॉड सर्लिंगचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिसिसिपीत १९५५ साली झालेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येवर त्याने टीव्हीनाटक लिहिले आणि प्रायोजकांच्या धास्तीने ते एवढे बदलले गेले की दक्षिणेचा, वर्णाचा मागमूस राहिला नाही. १९५९ मध्ये त्याने 'द ट्वायलाइट झोन' सुरू केले. परग्रहवासीयांच्या भीतीने एकमेकांवर उठणारी गल्ली दाखवली तर कोणी आक्षेप घेत नाही, हे त्याला कळले होते. विज्ञानकथेच्या आडोशाने बोलण्याची ही वाट पुढे 'स्टार ट्रेक'नेही धरली. नोव्हेंबर १९६८ मधले त्यातल्या गोऱ्या कर्क आणि कृष्णवर्णीय उहुरा या पात्रांचे चुंबन अमेरिकी टीव्हीवरचे पहिले आंतरवर्णीय चुंबन म्हणून सांगितले जाते. काटेकोरपणे ते पहिले नव्हे, आणि कथेत दोघांना ते परक्या शक्तीच्या जबरदस्तीने घ्यावे लागते. प्रसंग इतका चिरेबंद आडोसा करून दाखवावा लागला, यात त्या काळाची अधिक खरी नोंद आहे.

'स्टार ट्रेक' म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या वाचकांच्या एका पिढीचा चेहरा उजळेल. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागे. लुसिल बॉलच्या मालिकाही आपल्याकडे याच मार्गाने आल्या. मूळ प्रक्षेपणानंतर बऱ्याच वर्षांनी, मधल्या जाहिरातींशिवाय, आसपासच्या बातम्यांशिवाय. अमेरिकी माणसाजवळ आधी आठवण होती आणि साठवण नंतर आली. आपल्याकडे आली ती थेट साठवण. काहींना ही उणीव वाटते. मला यात मराठी अभ्यासकाची सोय दिसते. तिथल्या अभ्यासकाला आपले बालपण बाजूला ठेवून पाहावे लागते. आपल्याला तो भार नाही. उलट, त्या भागांभोवतीचा काळ आपल्याला कष्टाने, कागदपत्रांतून उभा करावा लागतो, आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

त्यासाठी साधने आता पुष्कळ आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस, लॉस एंजलिसच्या विद्यापीठातले चित्रपट आणि दूरचित्रवाणी संग्रहालय, विल्यम पेली यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेले संग्रहालय. नॅशव्हिलच्या वँडरबिल्ट विद्यापीठाने तर ऑगस्ट १९६८ पासून नेटवर्कांच्या रात्रीच्या बातम्या रोज नोंदवायला घेतल्या. एका माणसाला चौकशी करताना कळले होते की नेटवर्के आपल्याच बातम्या फार दिवस ठेवत नाहीत. त्या अस्वस्थतेतून हे काम उभे राहिले. वाचायला सुरुवात करायची तर एरिक बार्नो यांचा 'ट्यूब ऑफ प्लेंटी' हा इतिहास घ्यावा, आणि त्याच्याबरोबर होरेस न्यूकम यांचे १९७४ सालचे पुस्तक, ज्याने टीव्हीला कला म्हणून गंभीरपणे वाचायला शिकवले. पण पुस्तकाच्या आधी एखादा भाग पाहावा, सलग, मोबाइल दूर ठेवून, शक्यतो दुसऱ्या कोणाबरोबर बसून.

मी पहिल्या तासाला जो भाग दाखवते तो 'सेसमी स्ट्रीट'चा आहे. १९६९ पासून चाललेल्या या मुलांच्या कार्यक्रमात कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक मिस्टर हूपर यांचे काम विल ली करत. डिसेंबर १९८२ मध्ये ते वारले. दुसरा नट आणावा, किंवा हूपर गाव सोडून गेले असे सांगावे, असे पर्याय होते. निर्मात्यांनी बालमानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला आणि मुलांना खरे सांगायचे ठरवले. भाग दाखवला तो २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, म्हणजे आईवडील घरी, मुलांच्या शेजारी असतील.

बिग बर्ड हा अवाढव्य पिवळा पक्षी, वयाने सहा वर्षांचा, आपल्या सगळ्या मोठ्या मित्रांची चित्रे काढून आणतो आणि वाटतो. एक चित्र उरते. मिस्टर हूपर आले की देईन, म्हणतो. मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. मग त्याला समजावून सांगतात की ते आता येणार नाहीत, मेलेली माणसे परत येत नाहीत. असे का, असे तो विचारतो. तिथे उभ्या असलेल्या नटांनी त्या माणसाबरोबर बारा-तेरा वर्षे काम केले होते. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे आहे. का, याचे उत्तर कोणाकडे नाही, आणि तसे ते त्याला सांगतातही. ते चित्र पुढे बिग बर्डच्या घरट्यापाशी टांगले गेले आणि नंतरच्या वर्षांतल्या भागांतही, दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीबद्दल बोलणे चालू असताना, त्याच्या पाठीमागे भिंतीवर ते दिसते.